टी.वाय. राहिलं, म्हणून ग्रँट मिळाली

गेली 22 वर्षं कुणी शिक्षण विचारलं की मी 'बी.कॉम.' सांगत आले. अगदीच खोटं नव्हतं ते. एफ.वाय. झालं, एस.वाय. झालं, आणि टी.वाय.ची फी भरायच्या आधी, मे 2003 मध्ये, लग्न झालं. मिरजेची सांगलीला गेले. अंतर दहा-बारा किलोमीटरचं, दर पाच मिनिटांना वडाप. पण सासरी आधी 'बघू' म्हणाले, मग थोरली पोटात होती, आणि मग ते बघायचं राहूनच गेलं. पुढे कुणी विचारलं की 'टी.वाय. राहिलं' म्हणण्यापेक्षा 'बी.कॉम.' म्हणणं सोपं पडायचं. समोरचा पुढचा प्रश्न विचारायचा नाही.

आम्ही अमेरिकेत आलो ते 2019 मध्ये. नणंदेने 2004 साली भावासाठी अर्ज भरला होता, त्याला 15 वर्षांनी व्हिसा आला. आयटीवाले इकडे ज्या वाटेने येतात तिच्यापेक्षा ही वाट निराळी. आलो तेच ग्रीन कार्डवर, पण हातात नोकरी नाही. मिस्टर एका गोदामात लागले. मी कॅलिफोर्नियातल्या आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डजवळ एका डे-केअरमध्ये 'एड' म्हणून लागले, म्हणजे टीचरच्या हाताखाली. मुलांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, झोपवायचं. काम मला आवडतं. पण पाच वर्षं तेच काम, आणि पगार कायम किमान वेतनाच्या आसपास. आमच्या डायरेक्टरबाई एकदा म्हणाल्या, "तू बालशिक्षणाची 12 युनिटं कर. अनुभव तुला आहेच. कायद्याने तुला टीचर म्हणून घेता येईल मग."

12 युनिटं म्हणजे चार विषय. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, इथल्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर पडतात. मी सवयीने पाठीमागच्या कागदावर गुणाकार केला: 552 डॉलर. वर पुस्तकं. दिवाळीपर्यंत साठवू, असा हिशेब मांडला. लेक शेजारी बसून मोबाइल बघत होती. न बघताच म्हणाली, "आई, फाफ्सा भर ना."

फाफ्सा हा शब्द घरात नवा नव्हता. लेक 2024 मध्ये बारावी झाली. कॅलिफोर्नियात आता कायद्यानेच शाळा शेवटच्या वर्षातल्या प्रत्येक मुलाकडून हा केंद्र सरकारचा मदतीचा अर्ज भरून घेतात, नको असेल तर नको म्हणून लिहून द्यावं लागतं. तिच्या वेळचा अर्ज नेहमी उघडतो तसा 1 ऑक्टोबरला उघडलाच नाही. सगळा फॉर्म नव्याने बांधत होते, तो डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला. तेव्हा मी 'पालक' म्हणून माझं खातं काढलं होतं आणि ती म्हणेल तिथे टिचक्या मारल्या होत्या. तिला पैसे मिळाले, ती कॅल स्टेट विद्यापीठात गेली, माझ्या लेखी विषय संपला होता. हा फॉर्म 42 वर्षांच्या बाईलाही भरता येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि 'ग्रँट' हा शब्द. माझे वडील शिक्षक. आमच्या घरी ग्रँट म्हणजे शाळेला येणारी ग्रँट. ती आली की पगार, नाही आली की किराणावाल्याची वही. ग्रँट शाळेला येते, विद्यार्थ्याला नाही, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. विद्यार्थ्याला फार तर ईबीसी, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची फी सवलत. तिचा फॉर्म मी स्वतः भरलेला आहे: तलाठ्याचा दाखला, मग तहसीलदार कचेरीत शिक्का, मग 'साहेब जेवायला गेलेत'. त्यामुळे फेब्रुवारी 2025 मधल्या एका रविवारी दुपारी लेकीच्या लॅपटॉपसमोर बसले, तेव्हा मनात तहसील कचेरीच होती. चहाचा थर्मास भरून ठेवला होता.

तासाभरात फॉर्म संपला. थर्मास तसाच.

पहिली गंमत अशी की मागच्या वर्षीचंच खातं चाललं. फक्त आत गेल्यावर 'तुम्ही विद्यार्थी की पालक' असं विचारलं. माझा हात 'पालक'कडे गेला, लेकीने माऊस हिसकावून घेतला. "यात तू विद्यार्थी आहेस." पुढे जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर, ग्रीन कार्डवरचा ए-नंबर. ग्रीन कार्डवाल्याला हा अर्ज चालतो. एच-4 वर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना चालत नाही, हे इथे सांगून ठेवते, कारण इथल्या मराठी मंडळात दर चार बायकांतल्या दोघी तेच विचारतात.

24 वर्षांच्या पुढचा किंवा लग्न झालेला विद्यार्थी 'स्वतंत्र' धरतात. म्हणजे आईवडिलांचं उत्पन्न कुणी विचारत नाही. नवऱ्याचं धरतात, पण आम्ही टॅक्स रिटर्न एकत्र भरतो, त्यामुळे त्यांना वेगळं खातं काढायला किंवा सही करायला लागलं नाही. मी संमतीच्या चौकोनात खूण केली आणि आयकर खात्याकडून 2023 चे आकडे परस्पर उचलले गेले. दोन वर्षांपूर्वीचेच आकडे घेतात, 2025-26 च्या शैक्षणिक वर्षासाठी 2023. मी मिस्टरांना म्हटलं, आयुष्यातला पहिला फॉर्म, ज्यावर ना बाबांची सही लागली ना तुमची. ते क्रिकेट बघत होते. "मग माझे आकडे कसे घेतले?" एवढंच म्हणाले. मुद्दा बरोबर होता.

मग तो प्रश्न आला. शाळा सुरू होईल तेव्हा तुमच्याकडे आधीच पहिली बॅचलर डिग्री असेल का?

लेकीने 'हो'वर बाण नेला. "तू बी.कॉम. ना?"

तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं असं काही ठरवून टाळलंही नव्हतं, आई बी.कॉम., बाबा बी.ए. हे तिने शाळेच्या फॉर्मांवर लहानपणापासून लिहिलेलं. मी म्हटलं, "नाही. टी.वाय. नाही केलं मी." ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे वळली आणि तिथली बारीक अक्षरं वाचून म्हणाली, "बरं झालं. डिग्री असती तर पेल ग्रँट मिळाली नसती."

हे मला आधी कळलं असतं तर मी कदाचित फॉर्मच भरला नसता, बी.कॉम.ला जागायला म्हणून. पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकार विद्यार्थ्याला देतं ती मदत, पहिल्या पदवीपर्यंतच मिळते. पदवी भारतातली असली तरी ती पदवीच. त्यामुळे आपल्याकडच्या एम.ए., एम.कॉम., बी.एस्सी. झालेल्या कितीतरी बायका इथे कम्युनिटी कॉलेजात नव्याने शिकायला जातात, त्यांना ही ग्रँट नाही. मला होती.

पेल हे नाव ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्यावरून पडलं. 2025-26 ला तिची जास्तीत जास्त रक्कम वर्षाला 7,395 डॉलर. कर्ज नाही, परतफेड नाही. किती मिळणार ते कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि माणसांच्या संख्येवर ठरतं. आम्ही चौघं. चौघांच्या घराची सरकारी दारिद्र्यरेषा 2023 साली 30 हजार डॉलर होती, आणि आमच्यासारख्या नवरा-बायको-मुलांच्या घराला तिच्या 175 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 52,500 पर्यंत, पूर्ण पेल. आम्हा दोघांचं मिळून 50 हजारांच्या जरा खाली होतं. मिस्टरांनी त्या वर्षी आणखी काही शनिवार ओव्हरटाइम केला असता तर रक्कम कमी होऊ शकली असती. मिरजेच्या घरातला माझा हिस्सा दाखवायचा का, म्हणून मी धास्तावले होते. पण उत्पन्न कमी असलं की मालमत्तेचे प्रश्नच पुढे येत नाहीत. शेवटी एक आकडा आला, त्याला एसएआय (स्टुडंट एड इंडेक्स) म्हणतात. हा आकडा जितका लहान तितकी मदत जास्त. माझा शून्य. शून्य मार्क मिळून आनंद झाल्याची ही पहिलीच वेळ.

इथवर सगळं गुळगुळीत. तहसील कचेरी पुढे भेटली.

एप्रिलमध्ये कॉलेजच्या पोर्टलवर माझ्या नावापुढे लाल खुणा दिसू लागल्या. माझा अर्ज पडताळणीसाठी निघाला होता. कुटुंबात किती माणसं, ते लिहून द्या. आणि बारावी पास झाल्याचा पुरावा द्या, परदेशातली असल्यामुळे.

पहिला कागद पाच मिनिटांचा. दुसऱ्यासाठी मी माझं मार्कशीट घेऊन गेले, कोल्हापूर बोर्डाचं, 2001 सालचं, लॅमिनेट केलेलं. काउंटरवर एक वयस्कर बाई होत्या, चश्म्याला मण्यांची साखळी. त्यांनी मार्कशीट उलटं केलं, सुलटं केलं, प्रकाशाकडे धरलं. "यात डिप्लोमा कुठे आहे?" म्हणाल्या. मी सांगितलं, आमच्याकडे हेच असतं. "हे तर नुसते मार्क आहेत. शाळा पूर्ण केली असं कुठे लिहिलंय?" मी 'रिझल्ट : पास'वर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली. मग नावाचा घोळ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं. त्यांनी माझं माहेरचं आडनाव हेच माझं नाव धरलं आणि बाबांच्या नावाला आडनाव केलं. संगणकात तर मी नवऱ्याच्या आडनावाची. तीन नावांतलं एकही जागच्या जागी जुळेना. मागे रांग वाढत होती आणि मी एका अमेरिकन बाईला, लग्नानंतर मुलीचं मधलं नावसुद्धा का बदलतं, हे समजावत होते. त्यांनी विचारलं, "दोन्ही नावं बदलतात? का?" मला उत्तर आलं नाही.

लग्नाच्या नोंदणीचा दाखला व्हिसाच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये होता, त्याने नावाचा प्रश्न सुटला. राहिला डिप्लोमा. आपल्याकडे बोर्डाचं सर्टिफिकेट मार्कशीटनंतर काही महिन्यांनी कॉलेजात येतं, आणि तोवर आपण पुढच्या कॉलेजात गेलेलो असतो. आणायला जातं कोण? मी भावाला फोन लावला. त्याने वहिनीकडे दिला. वहिनीने आईच्या लोखंडी कपाटातला खालचा कप्पा उपसला. तिथे माझी लिव्हिंग सर्टिफिकेटची झेरॉक्स, तिसरीतलं वक्तृत्वाचं बक्षीस, बाबांच्या पीएफचे कागद, आणि त्यातच एका पेपरच्या घडीत ते सर्टिफिकेट निघालं. बाबांनीच कधीतरी जाऊन आणलं असणार. मला काही बोलले नव्हते. बोलले असते तरी तेव्हा माझं लक्ष कुठे होतं. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली.

वहिनीने फोटो पाठवला आणि मूळ कागद कुरिअर केला. काउंटरवर या वेळी दुसराच पोरगा होता, विशीतला. त्याने एक नजर टाकली, स्कॅन केलं, लाल खूण गेली. मण्यांच्या साखळीच्या बाई पलीकडे फोनवर होत्या; मला त्यांना दाखवायचं होतं खरं तर.

फीचं काम तोवर झालेलंच होतं. कॅलिफोर्नियाची स्वतःची फी माफी आहे, तिला आता कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट म्हणतात. जुनी माणसं अजून 'बॉग वेव्हर' म्हणतात. फाफ्सा भरलेला असला की गरज दिसते आणि ती परस्पर लागू होते. हातात काही येत नाही, फक्त 46 डॉलरचा मीटर बंद होतो. हिला पदवी असल्याने फरक पडत नाही; इथली रहिवासी आणि उत्पन्न कमी, एवढंच बघतात. राज्याची कॅल ग्रँट आणखी वेगळी. तिची मुख्य मुदत 2 मार्च, कम्युनिटी कॉलेजवाल्यांना 2 सप्टेंबरपर्यंत आणखी एक संधी. पण तिला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, लागतो आणि माझ्याकडे अमेरिकेतला एकही ग्रेड नव्हता, म्हणून ती मी पुढच्या वर्षावर टाकली.

मोठी चूक मी करणार होते ती दुसरीच, आणि ती एका समुपदेशकामुळे टळली. मी कॉलेजच्या अर्जात उद्दिष्ट म्हणून त्या 12 युनिटांचं छोटं सर्टिफिकेट टाकलं होतं. मला तेवढंच हवं होतं. तो म्हणाला, "एवढ्या छोट्या सर्टिफिकेटला पेल लागू नाही. असोसिएट डिग्री टाक. ती 60 युनिटांची. त्यातली तुझी 12 आधी कर, कोण अडवतंय?" शिवाय तुमच्या ठरलेल्या अभ्यासक्रमात बसणाऱ्या विषयांनाच ग्रँट मोजतात. मी हौसेने एक युनिटचा झुंबा घेतला होता. सर्टिफिकेट म्हटलं असतं तर इंग्रजीचा विषयसुद्धा त्याच झुंब्याच्या रांगेत जाऊन बसला असता. त्याने अर्ध्या तासात सहा सेमिस्टरांचा आराखडा काढून दिला. माझ्या नावापुढे 'डिग्री' असा शब्द असलेला कागद मी घडी न घालता घरी आणला.

ऑगस्ट 2025 मध्ये वर्ग सुरू झाले. बालविकास, बालक-कुटुंब-समाज, आणि इंग्रजी: तीन विषय, 9 युनिटं. पूर्णवेळ म्हणजे 12. पूर्वी टप्पे होते म्हणतात, आता एकेका युनिटाचा हिशेब असतो: 9 म्हणजे 75 टक्के, 8 म्हणजे 67, 6 म्हणजे निम्मे. वर्षाची रक्कम दोन सेमिस्टरांत विभागायची. माझे 7,395 चे 75 टक्के, त्याचे निम्मे: एका सेमिस्टरला 2,773 डॉलर. आमच्या कॉलेजने ते दोन हप्त्यांत दिले, थेट बँकेत. झुंबा मोजला नाही. मी सोडलाही नाही.

फी तर माफच होती, मग हे पैसे कशाचे, असं मिस्टर विचारत राहिले. त्यांची खात्री होती की हे बिनव्याजी कर्ज आहे आणि कधीतरी पत्र येणार. मलाही ते कळायला वेळ लागला. कॉलेज दरवर्षी एक खर्चाचा अंदाज काढतं, आणि त्यात फी ही सगळ्यांत छोटी ओळ असते. मोठ्या ओळी म्हणजे घरभाडं, जेवण, गाडी. वर्गासाठी मी डे-केअरचे आठवड्याचे सहा तास सोडले होते. ते सहा तास ग्रँटने भरून काढले. पहिल्या हप्त्यातून पुस्तकं, एक जुना लॅपटॉप आणि गाडीचे दोन टायर आले. टायर घेताना मला अपराधी वाटलं, पण त्या टायरवरूनच मी वर्गाला जाते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती मला कुणी सांगितली नाही, मी टॅक्सच्या वेळी धडपडत शोधली. फी आणि सक्तीची पुस्तकं यांच्यापलीकडे जी ग्रँट वापरली जाते ती उत्पन्नात धरतात. पुस्तकांच्या पावत्या ठेवा. मी त्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आहेत; सगळ्यांना जिऱ्याचा वास येतो.

आणि विषय सोडताना जपून. आमच्या वर्गातल्या एका मुलीने पाचव्या आठवड्यात सगळे विषय सोडले, घरी काही झालं होतं. सेमिस्टरचा 60 टक्के काळ व्हायच्या आत सगळं सोडलं तर मिळालेली पूर्ण ग्रँट 'कमावलेली' धरत नाहीत. तिला काही रक्कम परत मागणारं पत्र आलं. ती पार्किंगमध्ये मला ते दाखवत होती आणि मी तिला 'आधी ऑफिसात जा, एकटीने ठरवू नको' यापलीकडे काही सांगू शकले नाही. मार्कांचंही बघतात: सरासरी 2.0 च्या खाली जायची नाही आणि घेतलेल्या युनिटांपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण करायची. इंग्रजीत मला पहिल्या निबंधाला 'सी' मिळाला तेव्हा मी तो आकडा रोज रात्री मोजत होते. शेवटी 'बी' आला. बालविकासात 'ए'. 20 वर्षं घरात केलेलं सगळं त्या पुस्तकात धड्याधड्याने लिहिलेलं होतं.

डिसेंबरात वर्षा हिचा फोन आला. ती आमच्या मंडळातली, पुण्याची एम.ए., तिलाही डे-केअर काढायचंय. माझं ऐकून तिने फाफ्सा भरला होता. आवाज चढलेला होता. "अगं, मला पेल नाही म्हणतात. आधीच डिग्री आहे म्हणे. मग तुला कशी मिळाली? तू बी.कॉम. ना?"

मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी उलटली, गॅस बारीक केला.

"टी.वाय. राहिलं माझं," म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "मग ते फी माफीचं तरी कुठे बघायचं ते सांग मला. मला 46 चं पण जड जातंय."

तिला फी माफी मिळाली. आता मंगळवारी आम्ही एकाच गाडीतून जातो. टायर माझे, पार्किंगचं परमिट तिचं.